उजव्या कानातली माती

सोमवारी सकाळी शिवगंगा गेल्याचा फोन आला, तेव्हा तिचा नवरा रुद्रप्पा बीडच्या बसस्टँडवर होता. तो परळीला पोचेपर्यंत तिला लिंगायत रीतीप्रमाणे मांडी घालून समाधीच्या खड्ड्यात बसवलं होतं. स्वामींनी तिच्या कानात मंत्र सांगितला. मग रुद्रप्पा खाली उतरला आणि त्यानं आपला उजवा कान तिच्या कानाला लावला. मेव्हण्यानं, मृत्युंजयनं, त्याला ओढून वर काढलं. लोकांनी माती लोटली.

तेव्हापासून त्याच्या उजव्या कानात माती घसरायची, आणि मधूनच शिवगंगा खाकरायची. जिवंतपणीही त्याला काही सांगण्याआधी ती नेहमी तशीच खाकरायची.

बुधवारी डॉक्टरांनी कानात दुर्बीण घातली. समोरच्या टीव्हीवर कानाचा पातळ पडदा दिसला, त्यातून हातोडीच्या दांड्यासारखं बारीक हाड दिसलं, आणि पडद्यामागं, तळाला, माती.

"काका, पडदा तर कुठंच फाटला नाही. ही आत गेली कशी?"

शुक्रवारी ते हाड निम्मं बुडालं होतं. शिवगंगेचा आवाजही बारीक झाला होता. रुद्रप्पा टिकाव घेऊन मेव्हण्याच्या दारात गेला.

"मृत्युंजय, तिला लई थोडी जागा उरली हाय. चल, उकरू."

"दाजी, येड लागलं का तुमाला? समाधी उकरतेत का कुठं? लोक तोंडात शेण घालतील." त्यानं टिकाव काढून घेतला आणि घरात कुलपात ठेवला.

शनिवारी टीव्हीवर हाडाचं वरचं टोक तेवढं दिसत होतं. डॉक्टरांनी दुर्बीण काढली आणि ते दोन पावलं मागं सरकले.

बाहेर पायरीवर रुद्रप्पाला अगदी लांबून ऐकू आलं, "अहो."

समाधी अजून कुणी उकरलेली नाही.