तिसरा प्लग

मोटारीचे अकरा जुने प्लग घोंगडीवर मांडून जगदेव असा बसला होता की पाहणाऱ्याला वाटावं, लेकीसाठी स्थळं बघतोय. तेलाने काळेकुट्ट झालेले त्याने आधीच बाजूला टाकले. टोक पांढरं पडलेले फार तापतात, तेही बाद. तांबूस, बेताचे भाजलेले चार निघाले आणि त्याला हसू आवरेना.

लढाईमुळे नवा प्लग अकोल्यातही मिळत नव्हता. पेट्रोल तर औषधासारखं मोजून मिळे. म्हणून कामरगाव ते कारंजा रस्त्यावरच्या दोन मोटारींपैकी आता एकीलाच परवाना राहणार होता. उद्या सकाळी दोन्ही मोटारी उतारूंनी भरून सुटायच्या, कारंज्याला आधी पोचेल तिचा परवाना. एक मोटार मारोतरावांची. ती जगदेव चालवायचा. दुसरीवर होता जानराव, जगदेवच्या बायकोचा सख्खा भाऊ.

जानरावाला पोटापुरतं शेत होतं. जगदेवजवळ त्या स्टेरिंगखेरीज काही नव्हतं. हरला तर बिऱ्हाड उचलून मुंबईची गिरणी गाठायची, हे घरात ठरून गेलं होतं.

प्लगच्या टोकाची फट त्याने अंगठ्याच्या नखाने मोजली. नख अडकलं पाहिजे, रुतता कामा नये. ही विद्या त्याला जानरावानेच शिकवलेली. वस्तादाचा डाव वस्तादावरच उलटवायचा, या विचाराने त्याच्या अंगात नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

कारण त्याने आणखी एक उद्योग केला होता. टाकाऊ ढिगातले दुसरे चार प्लग घासूनपुसून नव्यासारखे लखलखीत केले होते. त्यातल्या एकाच्या चिनीमातीला केसाएवढी भेग होती, तिच्यात मेण भरून वरून फडकं फिरवलं होतं. असा प्लग सपाटीवर मुकाट चालतो. चढावर तापला की मेण वितळतं आणि ठिणगी भेगेतून पळ काढते. हे चार त्याने चहाच्या डब्यात घातले आणि डबा फळीवर अगदी समोर ठेवला.

"गोजरा, मिल्ट्रीच्या लारीचे नवे प्लग भेटले. उद्याची मदार यायच्यावरच आहे. डब्याले हात नको लावू."

"मले काय कराचं तुमच्या प्लगचं?" त्याची बायको गोजराबाई म्हणाली. ती ओवाळणीचं ताट सजवत होती. भाऊबीज होती आणि माहेर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

बायकोचा जीव भावात किती गुंतलाय, हे जगदेव लग्नापासून ओळखून होता. ती गेल्यावर त्याने फळीकडे पाहिलं. डबा नव्हता. क्षणभर त्याला वाईट वाटलं, पण क्षणभरच. मग तो उठला आणि चारही चांगले प्लग इंजिनात बसवून आला.

दिवेलागणीला ती परतली.

"काय टाकलं मंग भावानं ताटात?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"होतं ते टाकलं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

सकाळी तो निघाला तशी ती दारात आडवी आली. हातात तोच डबा. "हा राह्यला ना तुमचा. बसवून घ्या, मंगच निघा."

डबा खुळखुळला. भंगार भरून आणलंय आपल्याला गंडवायला, जगदेव मनात म्हणाला. बाईचं धाडस बघून त्याला तिचं कौतुकच वाटलं. "मोटारीपाशीच बसवतो," तो म्हणाला, आणि डबा त्याने सीटखाली ढकलून दिला.

पाटलाने रुमाल हलवला आणि दोन्ही मोटारी सुटल्या. सुरुवातीला जानराव पुढे होता. त्याने उडवलेली धूळ जगदेवच्या दातांत करकरत होती, मागचे उतारू छत बडवत होते, एका म्हातारीने तर जगदेवच्या पाठीत बुक्के घालायला सुरुवात केली. जगदेवला घाई नव्हती. नाल्यापलीकडच्या चढाची तो वाट पाहत होता.

चढ लागला. अर्ध्यावर जानरावची मोटार एकदा उचकली. मग दुसऱ्यांदा. मग ती तीन पायांवर चालल्यासारखी लंगडू लागली. जगदेवने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला आणि तिला मागे टाकलं. आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंबईची गिरणी त्या चढावरच कायमची मागे राहिली.

कारंज्याला मारोतरावांनी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. पाऊण तासाने जानराव पोचला. त्याचे उतारू शिव्या देत उतरले. तो मात्र रागावलेला दिसत नव्हता. सरळ जगदेवजवळ आला.

"नीट चालले ना चारी, जवाईबुवा?"

"चालले की," जगदेव म्हणाला. त्याला टोमणा वाटला.

"चांगलं झालं. काल गोजरा डबा घेऊन आली. म्हणे दादा, घर याच्यावरच उभं आहे, एकडाव तुमची नजर पडू द्या." जानरावाने टोपी काढून कपाळ पुसलं. "तिसऱ्याले भेग होती. मिल्ट्रीवाल्यानं फसवलं तुमाले. मेण भरून देल्लं."

जगदेवने गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"तुमी मानी माणूस. सांगितलं असतं तं घेतलंच नसतं तुमी. गोजराले म्हटलं, बोलू नको," जानराव म्हणाला आणि पाणी प्यायला विहिरीकडे गेला.

जगदेवने सीटखालून डबा ओढला. झाकण घट्ट बसलं होतं, ते काढताना त्याचं नख मोडलं. आत चार प्लग होते. जुनेच, पण तांबूस, बेताचे भाजलेले, आणि जानराव आपल्या प्रत्येक प्लगवर करतो तशा कानशीच्या दोन खुणा चारहींवर होत्या. त्यांना ओवाळणीच्या ताटातलं कुंकू आणि तांदळाचे दाणे अजून चिकटलेले होते.