बक्षिसाची कोंबडी

"आकडा पळाला तर वहीत लिही, पोरी; थांबला तर दार वाजव," पाण्याच्या मीटरांची वही सोपवताना म्हाताऱ्या एलेउतेरियोबाबांनी बजावलं होतं. ओफेलियानं ते हसण्यावारी नेलं.

ओढा आटल्यापासून आठवड्यात सगळ्यात कमी पाणी वापरणाऱ्या घराला गावची पाणी समिती बक्षीस म्हणून कोंबडी द्यायची. टेकडीवर एकट्या राहणाऱ्या सेनोबियाआजींचा आकडा या वेळी जागचा हललाच नव्हता. पाठीवरचं बाळ सावरत ओफेलियानं फाटकाबाहेरूनच हाक दिली, "आजी, कोंबडी तुमचीच!"

रविवारच्या सभेत टाळ्या पडल्या. "अंघोळ सोडली वाटतं म्हातारीनं," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, ओफेलियाही. मग ती कोंबडी पोचवायला वर गेली, आणि तेव्हा कुठे तिनं दार वाजवलं. आतून कोणी आलं नाही.



तुमच्या शेजारी कोणी एकटं राहत असेल, तर आजच दार वाजवून या.