खिडकीखालचे डाग

वर्गाच्या मागच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, खिडकीखाली, चुन्यावर तीन तेलकट डाग होते. ओळीत, एकाच उंचीवर. कोरोनात शाळा बंद असल्याने मी रिकाम्या वर्गातून फोनवर शिकवत होते. सोमवारपासून निम्मीच मुलं बोलवायची होती. “फोनवाल्या लेकरांचा अभ्यास झालाय, त्यांनाच घ्या,” सरपंच म्हणत. मुख्याध्यापक निर्णय टाळत होते. आज ते वर्गात होते. मी पाढा विचारला. “सतरा चोक चौसष्ट,” फोन म्हणाला. “अडुसष्ट,” रिकामा वर्ग कुजबुजला. “भुताटकी हाय का, बाई?” सर दचकले. “रोज येतो आवाज. प्रतिध्वनी समजत होते. पण प्रतिध्वनी चूक सुधारत नाही.” आम्ही बाहेर पडून वर्गामागे गेलो. फोन नसलेल्या घरांतल्या तीन मुली भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. उठल्या, तेव्हा प्रत्येकीमागे डाग उरला. “आम्ही आत न्हाई आलो, सर.” सर म्हणाले, “सोमवारी आधी तुम्ही यायचं. आत.”