सैल विणीचं रेशीम

"आये, कापू नको ते," महादेव म्हणाला.

मनुबाईची कात्री रेशमावर थांबली. ओसरीवर चटया अंथरून झाल्या होत्या, नागावची मंडळी दुपारी त्याच्याच साखरपुड्याला येऊन टेकणार होती, आणि ह्याला आत्ता कंठ फुटला! जहाजावरून आल्यापासून पोराच्या तोंडून शब्द निघेल तर शपथ.

"मग काय करू? दोन्ही टोकं एकमेकांना शिवून गोणीसारखं केलेलं. नेसू कसं?"

महादेव बँकॉकचा तांदूळ आणणाऱ्या जहाजावर खलाशी. बऱ्याच वर्षांनी घरी आला तो हे कापड घेऊन. "तुझ्यासाठी," एवढंच म्हणाला आणि मान फिरवली. मनुबाईला कोण आनंद! तिनं ते चौलच्या अख्ख्या साळी आळीला दाखवलं, आणि तिथंच घात झाला. थोरली जाऊ केसर, तिनं कापड उन्हात धरलं आणि फिसकन हसली.

"अगो मनू, बुट्ट्यांच्या कडा बघ कशा पसरल्यात! आन् वीण? इथं घट्ट, इथं सैल. नवशिकीचा हात हाय हा. साळ्याच्या पोराला बँकॉकच्या दुकानदारानं टोपी घातली की गो!"

बायका खो खो हसल्या. मनुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या सासऱ्याच्या मागावरचं रेशीम एके काळी नावाजलेलं. माग बंद पडला तरी नाव उरलं होतं, तेही पोरानं घालवलं. लाज झाकायला मग तीच सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलली. "विणताना त्या बयेचं ध्यान कुठं होतं देव जाणे! मी तर तिला मागाजवळ उभी केली नसती."

महादेव दारातच उभा होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. फसल्याची लाज वाटत असेल बिचाऱ्याला, असं मनुबाईला वाटलं.

तेव्हाच तिनं ठरवलं. त्यातल्या त्यात चांगला भाग बघून खण कापायचा आणि नव्या सुनेच्या ओटीत घालायचा. उरलेलं ट्रंकेच्या तळाशी गेलं की कुणाला खोट दिसणार नाही.

"कुठल्या दुकानातलं हे, तेवढं तरी सांग," तिनं आता विचारलं.

"दुकानातलं न्हाय. दिलं एकानं."

"बघ! टाकाऊ म्हणूनच दिलं असणार."

"आये, हे लग्नाचं जरा थांबव ना."

"थांबवू? नागावकरांना मी शब्द दिलाय, महादेवा! आता मोडला तर तोंड कुठं लपवू? एकदा हसं झालं तेवढं पुरे."

महादेव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं."

मनुबाईनं कात्री चालवली.

दुपारी नागावची कुमुद पदर कपाळाखाली ओढून, मान खाली घालून पाटावर बसली. मनुबाईनं तिची ओटी भरली. नारळ, तांदूळ आणि वर तो खण. "काय झळाळी हाय हो!" कुमुदची मावशी म्हणाली. मनुबाईनं केसरकडे मुद्दाम वळून बघितलं.

तेवढ्यात नामा आला. रेवदंड्याचा नामा पूर्वी महादेवच्याच जहाजावर होता, अलीकडे दुसऱ्या जहाजावर लागलेला. नुकताच लाँचनं रेवस बंदरावर उतरला होता. मनुबाईकडे कार्य आहे असं आळीच्या तोंडाशी कळलं, तसा खांद्यावरच्या ट्रंकेसकट थेट ओसरीवर. त्यानं पाटावरची मुलगी बघितली, तिच्या ओटीतलं रेशीम बघितलं आणि तो तोंडभर हसला.

"आणलीस रे शेवटी, म्हादू! रेशमावरनंच वळखलं मी!"

महादेव उठून उभा राहिला. "नामा, चल, बाहेर चल."

"थांब रे! मनुकाकी, नशीबवान हायस तू. तिकडं बँकॉककडं नवरी मुलगी सासूसाठी स्वतः कापड विणते नि लग्नात देते. बाजारात मिळत न्हाय असलं. आधी सुताला गाठी मारून रंगवतात नि मग विणतात, म्हणून बुट्टे असे पाण्यातल्यावानी दिसतात. हिची तर आई अंथरुणाला खिळलेली. जरा माग हलवायची की आईला बघायला उठायची, परत येऊन बसायची. समोर बसून बघितलंय मी. म्हादूच्या बाजूनं लग्नाला मी एकटाच तर होतो." मग त्याचं लक्ष रेशमाच्या कडेकडे गेलं. "पर हे कापलं कुणी?"

मनुबाईच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच राहिला. मान वर करायचं काही तिला होईना.

नामा पाटासमोर उकिडवा बसला आणि हसत हसत तिकडच्या भाषेत काहीतरी विचारू लागला. कुमुदला एक अक्षर कळलं नाही. तिनं गोंधळून मान वर केली, तसा पदर मागे सरकला.

नामा उठला. दोन पावलं मागे आला.

"म्हादू," तो हळूच म्हणाला, "ही ती न्हाय रे."