हाड धरेपर्यंत

“नाकातून हे आलं,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी घडी घातलेला रुमाल पुढे केला.

रुमालात पांढरे बारीक कण होते, जाड्या मिठासारखे. डॉक्टरबाईंनी ते लगेच ओळखले. ते कण त्यांनी स्वतःच्या हातांनी मास्तरांच्या वरच्या जबड्यात भरले होते.

मास्तर पूर्वी पोहायला शिकवायचे. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं होतं, त्यात या डॉक्टरबाईही होत्या. आता त्यांच्या वरच्या दाढा पडून बरीच वर्षं झाली होती. तिथलं हाड झिजून पातळ झालेलं, आणि त्याच्या वर लगेच सायनसची, नाकात उघडणारी पोकळी. नवे दात रोवायचे तर आधी त्या पोकळीचा पडदा हलकेच वर उचलायचा, खाली हाडाचे कण भरायचे आणि नवं हाड धरेपर्यंत कित्येक महिने थांबायचं. पडदा कसला, अंड्याच्या कवचाआतला पापुद्राच.

“शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका,” त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “आणि मास्तर, कान मोकळे करायला नाक दाबून फुंकायला शिकवायचात ना आम्हाला? ते अजिबात करायचं नाही. पडदा फाटून सगळं बाहेर येईल.”

आता सगळं बाहेर आलं होतं.

“माझाच हात चुकला असणार,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“तुझा हात कसला चुकतोय! माझं नशीबच फुटकं,” मास्तर म्हणाले.

मास्तरांची मुलगी शेजारी उभी होती. लग्न होऊन सातासमुद्रापार गेलेली, वडिलांच्या दातांसाठी म्हणून आलेली. प्रत्येक खेपेला ती एकच विचारायची, “अजून किती दिवस लागतील, डॉक्टर?”

“म्हणजे आता सगळं पहिल्यापासून?” तिने विचारलं.

“हो. आधी सूज उतरू दे, मग पुन्हा ऑपरेशन. पुढे परत तेवढेच महिने. तुम्हाला तिकडे घरी कळवावं लागेल.”

“कळवते,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिचे खांदे एकदम सैल पडले. बिचारीचा धीरच खचला, डॉक्टरबाईंना वाटलं. आपल्या एका चुकीने एका बाईचा संसार अडकून पडला.

ते त्यांच्या मनातून जाईना. जेवताना स्वतःच्या बोटांकडे बघत बसायच्या. असं ऑपरेशन करून घ्यायला कोणी आलं, की दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता द्यायच्या.

मास्तरांचं ऑपरेशन मात्र त्यांनी पुन्हा केलं. श्वास रोखून, पडदा केसाकेसाने उचलत. या वेळी जमलंय असं त्यांना वाटलं.

टाके काढले त्या दिवशी मुलगी औषधं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. मास्तर खाली बाकावर थांबले. हात धुता धुता डॉक्टरबाईंचं खिडकीबाहेर लक्ष गेलं. मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चिमटीत नाक धरलं आणि गाल फुगवले.

डॉक्टरबाई ओल्या हातांनीच जिना उतरल्या.

“मास्तर!”

मास्तरांचा हात झटकन खाली आला.

“मागच्या वेळीही असंच?”

मास्तरांनी मान खाली घातली.

“माझी झोप उडाली हो तुमच्यापायी. मला वाटलं, माझे हात गेले.”

“चुकलं माझं, पोरी. तुला कसं तोंड दाखवू?” मास्तर चपलेने माती उकरत म्हणाले, “दात बसले की जाईन, म्हणालीय ती. तिची आई गेल्यापासून घर खायला उठतं. ती आली, स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. परत तसलं शांत घर नको वाटलं.”

डॉक्टरबाईंचा राग निवला, पण त्या हटल्या नाहीत.

“तिचा संसार तिकडे आहे, मास्तर. तो तुमच्या नाकाशी टांगून ठेवणार आहात का? सारखी विचारते, किती दिवस लागतील. तिच्या तोंडाकडे तरी बघा. ती आपणहून जाणार नाही, तुम्हीच तिला मोकळी करा.”

मास्तरांनी डोळे पुसले. “करतो,” ते म्हणाले.

पुढच्या खेपेला ते एकटेच आले. मुलगी गेली होती. एक्स-रेच्या फोटोत कण जागच्या जागी दिसले, पडदा शाबूत. पुढे काही महिन्यांनी हाड छान धरलं आणि दातही बसले.

“चावता येतंय ना?”

“दगडही चावेन. चव तेवढी लागत नाही.”

“लेकीचा फोन?”

“रोज येतो. पूर्वी आठवड्याने यायचा, आता रोज. सुखात आहे म्हणते.”

मास्तर जिना उतरून गेले तेव्हा डॉक्टरबाईंना वाईट वाटलं, पण समाधानही वाटलं. कुणीतरी कठोर व्हायला हवंच होतं. त्यांनी पुन्हा ती ऑपरेशनं करायला घेतली.

पुढे कधीतरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, नोकरदार बायकांच्या वसतिगृहात त्या दात तपासायला गेल्या. एकेक बाई येऊन खुर्चीत बसत होती. एकीने तोंड उघडायच्या आधीच त्यांनी तिला ओळखलं.

“तुम्ही? परत कधी आलात?”

मास्तरांची मुलगी कसंनुसं हसली. “गेलेच नाही.”

“पण तुमचं घर, तुमचे मिस्टर...”

“आम्ही वेगळे झालो, बाबांना घेऊन तुमच्याकडे पहिल्यांदा आले त्याच्याही आधी. माझं सगळं सामान बाबांकडेच आणलं होतं.” तिने आवाज खाली आणला. “त्यांना सांगू नका हं.”

“अहो, पण त्यांना सांगितलं का नाहीत?”

“रोज सांगेन म्हणायचे, धीर होत नव्हता. शेवटी टाके काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी मनाचा हिय्या केला, चहा घेऊन त्यांच्यासमोर बसले. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, ‘बाळ, माझं मी बघेन. तू आता तुझ्या घरी जा.’”