पहिला नंबर बायसन्सचा

“पहिले बायसन्स. विषय संपला!” रेडिओवर ड्वेन क्लासेन गरजला, तेव्हा मार्नी बोयचुक बाथरूममध्ये गुडघे टेकून नवऱ्याची ओकारी पुसत होती.

सप्टेंबर लागला की कॅनडातल्या रेजायना शहरात दुसरा विषय नसायचा. बर्फावरच्या हॉकीचा नवा सीझन, कुठला संघ कितवा येणार, कोण बुडणार. न्हाव्याकडे तेच, पेट्रोल पंपावर तेच, चर्चमधून बाहेर पडताना तेच. आणि रोज दुपारी रेडिओवर ड्वेन आणि म्हातारा मर्व. ड्वेन एके काळी शहराच्या संघाकडून, बायसन्सकडून खेळलेला, मर्व त्यांचा जुना कोच. डोनट चघळत दोघं एकेका संघाची सालं काढायचे. चघळण्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा.

“लेथब्रिज?” मर्वने विचारलं.

“शेवटून दुसरे. त्यांचा गोलकीपर बघितलास का? त्याच्या पायांमधून माझी सासूसुद्धा गोल मारेल.”

“आणि आपले लोक पहिले कसे काय, बाबा?”

“अरे, आपला रीड बोयचुक परत आलाय! वसंतात डोक्याला मार बसला होता, मान्य आहे. पण आता घोडा झालाय, घोडा! परवाच त्याच्या घरी जेवून आलो. ठणठणीत आहे गडी.”

मार्नीचा हात थांबला. ओकारीची तिला आता सवय झाली होती. ही किळस वेगळी होती.

परवा ड्वेन जेवायला आला होता, हे खरं. तिने बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी केल्या होत्या. रीडने पहिला घास घेतला आणि डोळ्यांवर हात धरले. उजेड सहन होईना. ड्वेननेच उठून दिवा मालवला होता. रीडला धरून मोरीपर्यंत नेलं, तो ओकत असताना त्याचं कपाळ धरून उभा राहिला. दोघं कित्येक वर्षं खांद्याला खांदा लावून खेळलेले. रीड आणि मार्नीच्या लग्नात अंगठी सांभाळणाराही हाच.

आणि आज म्हणे घोडा.

क्लबच्या डॉक्टरनेही रीडला पास केलं होतं. त्यातली गंमत मार्नीला ठाऊक होती. सीझनच्या आधी प्रत्येक खेळाडूची डोक्याची चाचणी होते आणि मार लागल्यावर पुन्हा तीच घेतात. रीड दरवर्षी पहिल्या चाचणीत मुद्दाम चुका करायचा. म्हणजे नंतर डोकं कितीही बधिर झालं, तरी फरक दिसायला नको. बरेच जण असंच करायचे. डॉक्टरलाही ते माहीत होतं. सगळ्यांनाच सगळं माहीत होतं.

तिने हात धुतले आणि रेडिओवाल्यांना फोन लावला. नाव विचारलं तेव्हा खोटंच सांगितलं, “शेरी. मूस जॉ गावाहून बोलतेय.” टायरच्या जाहिराती संपल्या आणि लाइन जोडली गेली.

“या, शेरीताई!” मर्व म्हणाला. “सांगा, आपले बायसन्स कितवे?”

“शेवटचे.”

मर्व खो खो हसला. “बाईसाहेब, हॉकी बघता, की मॅच चालू असताना नुसते मोजे विणता?”

“रीड बोयचुक खेळणार नाही, म्हणून शेवटचे.”

पलीकडे चघळणं थांबलं. मग ड्वेनचा आवाज आला, एकदम खाली उतरलेला. “मार्नी, फोन ठेव.”

सगळ्या शहराने ते ऐकलं.

“नाही ठेवत. त्याला उजेडात बसवत नाही, ड्वेन. जिना चढताना भिंत धरतो. तू त्याचं कपाळ धरून उभा होतास माझ्या घरात! आणि आता त्याला पुन्हा बर्फावर ढकलतोस? अजून एक मार बसला तर मला घरी काय आणून देणार तुम्ही? भाकितं कसली करताय? खाटकाच्या दारात उभं राहून जनावराची तारीफ करताय. शी!”

फोन कटला. रेडिओवर घाईघाईने गाणं लागलं.

मार्नी खुर्चीवर बसली. रीडने तिला बजावलं होतं, की यातलं एक अक्षर जरी बाहेर गेलं, तरी आपलं नातं संपलं. लहानपणापासून त्याला हॉकीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही नकोही होतं. आज तिने ते नातं भर दुपारी, सगळ्या शहरादेखत संपवलं होतं.

तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. रीड दिवसभर तिथेच अंधारात पडून असायचा आणि उशाशी रेडिओ बारीक आवाजात लावलेला असायचा. म्हणजे त्याने ऐकलं होतं. तो वर आला, काळा चष्मा लावलेला, एक हात भिंतीवर.

“मला काय शिव्या द्यायच्या त्या दे,” मार्नी म्हणाली. “पण त्या नालायकाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. तोंडावर थुंकायला हवं होतं मी त्याच्या.”

रीड हळूच स्वयंपाकघराच्या फरशीवरच बसला.

“ड्वेनला काही बोलू नकोस.”

“अजून त्याचीच बाजू घेतोस?”

“मला ठणठणीत म्हणायला आणि पहिला नंबर द्यायला मीच सांगितलं होतं त्याला. तो नाहीच म्हणत होता. रडला माझ्यासमोर. मी पाया पडलो त्याच्या.”

मार्नी त्याच्यासमोर फरशीवर बसली. “कशासाठी, रीड? कुणाला फसवायचं होतं तुला?”

त्याने भिंतीला डोकं टेकलं.

“कुणालाच नाही,” तो म्हणाला. “मी बरा झालोय, असं एकदा तरी कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं मला.”