चारशे बारा कृती

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता जुनी इंदूरमधल्या शशिकलाबाईंच्या स्वयंपाकघरात वेबच्या भविष्यावरून वाद सुरू झाला.

निवृत्त शिक्षिका शशिकलाबाई एकवीस वर्षं पाककृतींची वेबसाइट चालवत होत्या. चारशे बारा कृती. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती होती, ती कंपनी सोमवारी दुपारी बंद होणार होती. त्याआधी नवी जागा ठरली नाही, तर साइट संपली.

सून संहिता आणि भाचा देवदत्त, दोघंही सॉफ्टवेअरमधले.

"यापुढे वेबची पानं कोणी उघडणारच नाही, आई," संहिता म्हणाली. "टोरंटोतली एखादी मुलगी फोनला सांगेल, भुट्ट्याचा कीस करायचाय. फोनच तुमची कृती वाचेल, सामान मागवेल, पुढची पायरी सांगेल."

"आणि मावशीचं नाव? ते फोनवाली कंपनी गिळणार. वहिनी, माझ्या पद्धतीत हजार लोकांच्या कम्प्युटरवर एकेक प्रत राहील. मालक कोणीच नाही, त्यामुळे बंदही कोणी करणार नाही."

"हजार लोक कोण, भिया?" संहिताने इंदुरी थाटात देवदत्तला विचारलं. " तुमच्या तुकोगंजच्या ऑफिसातले चौदा जण तर मला माहीत आहेत."

शशिकलाबाई हसल्या. पोह्यांसाठी लिंबू चिरता चिरता त्यांनी भाच्याला विचारलं, "त्यात मागाहून काही बदलता येतं?"

"एक अक्षरही नाही. वही तो बात है, मावशी. दुरुस्ती जोडता येते, पण जुनं तारखेसकट दिसत राहतं."

"मलाही पुसता येणार नाही?"

"तुलाही नाही."

त्या सुनेकडे वळल्या. "आणि तुझा फोन नुसता वाचतो, की त्याला कळतंही?"

"कळतं ना. हजारो कृतींशी ताडून बघतो. कुठे काय कमी आहे, लगेच सांगतो."

शशिकलाबाईंनी सुरी खाली ठेवली.

"दोन्ही चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मला चार वाजेपर्यंत वेळ द्या."

देवदत्तला वाटलं, मावशी तत्त्वाचा विचार करतेय. संहिताला वाटलं, त्यांना कोणाचं मन मोडायचं नाही. दोघांनी पोहे पुन्हा वाढून घेतले आणि वाद बैठकीत नेला.

साडेतीनला संहिता चहा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेली. पलंगभर छापलेली पानं पसरली होती. शशिकलाबाई लाल पेनाने लिहीत होत्या. संहिताने वरची दोन पानं उचलली. चकलीच्या जिनसांखाली लिहिलं होतं: कडकडीत मोहन, पाव वाटी. अनारशांखाली: पिकलेलं केळं, अर्धं.

"हे राहून गेलं होतं, आई?"

"दार लोटून घे आधी. देवदत्तच्या आईला कळायला नको." त्यांनी पुढचं पान ओढलं. "राहून कसं जाईल गं? प्रत्येक कृतीतून एकेकच जिन्नस तर काढला होता."

चार वाजता देवदत्तने दार वाजवलं, तेव्हा चारशे बारापैकी एकोणीस कृती पुऱ्या झाल्या होत्या.